घरी ख्याल रेकॉर्ड करायचा आहे, कोणता ऑडिओ इंटरफेस घेऊ?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही ख्याल गाता, घरी शिकवता, काही शिकवण्या ऑनलाइन घेता आणि त्यातली बरीच मुलं परदेशात वाढणारी मराठी मुलं आहेत. दहा बाय बाराची खोली, विंडोजचा लॅपटॉप, शुअरचा एसएम५८ माईक आधीपासून घरात. हार्मोनियम स्वतः वाजवून गाता, अधूनमधून तबलजी येतात. कंडेन्सर माईकसकट (विजेवर चालणारा, बारीक आवाजही टिपणारा माईक) सगळं तीस हजारांत बसवायचं आहे. दुकानदार म्हणाला, फोकसराइटचा स्कार्लेट सोलो हा इंटरफेस घ्या, सगळे तोच नेतात. भाचा म्हणतो, १९२ किलोहर्ट्झवालाच घे, म्हणजे सेकंदाला आवाजाचे एक लाख ब्याण्णव हजार नमुने टिपणारा. आणखी कोणी यूएसबी मिक्सर सुचवला आहे.

माझं ऐकाल तर तिघांपैकी कोणाचंच ऐकू नका. इंटरफेस म्हणजे माईकचा आवाज संगणकात पोचवणारं यंत्र आणि प्रीअँप म्हणजे त्यातला माईकचा आवाज वाढवणारा भाग; चार माईक प्रीअँप असलेला साधा इंटरफेस घ्या आणि उरलेल्या पैशांत एक बरा कंडेन्सर, दोन स्टँड आणि बंद कपांचा एक हेडफोन बसवा.

इंटरफेस निवडताना लोक आधी 'आवाज कुठल्याचा चांगला' असं विचारतात. आजच्या घडीला नावाजलेल्या कुठल्याही कंपनीचा दहा-पंधरा हजारांचा इंटरफेस घ्या, त्यातून येणारा आवाज घरच्या खोलीत ओळखू यावा इतका वेगळा नसतो. डोळे बांधून ऐकवलं तर मलाही सांगता येणार नाही. फरक पडतो तो एका वेळी किती माईक लागतात, गेन (प्रीअँपची आवाज वाढवायची ताकद) पुरतो का आणि गाताना स्वतःचा आवाज कानात कसा येतो, या तीन ठिकाणी. तुमच्या बाबतीत पहिला मुद्दा सगळ्यात वजनदार आहे.

भावगीत किंवा सिनेमाच्या चालीचं गाणं करायचं असतं तर मी तुम्हाला बिनदिक्कत दोन इनपुटचा घ्या म्हटलं असतं. तिथे आधी क्लिक (लयीची टिकटिक), त्यावर रिदम, मग कीबोर्ड, शेवटी गायिका असं थरावर थर चढवत जाता येतं. ख्यालात हे चालत नाही. विलंबित एकतालात तबलजी तुमचा मुखडा ऐकत ठेका धरून असतो, तुम्ही समेकडे कशा वळताय ते बघून तो थोडा भरतो, थोडा रिकामा ठेवतो. द्रुतात तर लय तुम्ही दोघं मिळून वाढवता. आधी ठेका रेकॉर्ड करून त्यावर गायलं की गाणं बांधल्यासारखं होतं. आधी गाऊन त्यावर तबला बसवला की तबलजी तुमच्यामागे धावतोय हे ऐकणाऱ्याला लगेच कळतं. म्हणून गळा, पेटी आणि तबला एका वेळीच रेकॉर्ड व्हायला हवेत, आणि तिन्ही वेगवेगळ्या ट्रॅकवर हवेत, म्हणजे नंतर पेटी थोडी खाली घेता येते.

आता माईक मोजा. गळ्याला एक, पेटीला एक, तबल्याला एक. जागा आणि माईक असतील तर दायाँ-बायाँला वेगळे दोन. म्हणजे कमीत कमी तीन, जास्तीत जास्त चार. सोलोला माईक प्रीअँप एकच असतो. तुमच्या कामाला तो पहिल्याच बैठकीत अपुरा पडेल.

इथे नावांतल्या आकड्यांचा एक चकवा आहे आणि त्यात भले भले फसतात. 'फोर आय फोर' असं नाव वाचलं की चार माईक लागतील असं वाटतं. स्कार्लेट ४आय४ ला माईक प्रीअँप दोनच आहेत. उरलेली दोन इनपुट लाइनची, म्हणजे कीबोर्ड किंवा इलेक्ट्रॉनिक तानपुरा जोडायची. मोटूच्या एम४ चंही तसंच, दोन माईक आणि दोन लाइन. खोक्यावरचा मोठा आकडा सोडा आणि तपशिलात माईक प्रीअँप किती लिहिलेत तेवढंच बघा. किंवा मागच्या-पुढच्या बाजूला कॅननची तीन पिनांची भोकं किती आहेत ती मोजा. बेहरिंगरच्या यूएमसी४०४एचडीला चार आहेत, ऑडियंटच्या ईव्हो ८ ला चार, मोटूच्या एम६ ला चार, स्टाइनबर्गच्या यूआर४४सीला चार, एसएसएल १२ लाही चार.

यूएसबी मिक्सरचा चकवा याहून वाईट, कारण दिसायला तो भरगच्च असतो. दहा फेडर, इक्वलायझर, रिव्हर्ब, सगळं. पण अशा बऱ्याच अॅनालॉग मिक्सरांतून संगणकात फक्त दोन चॅनल जातात, डावा आणि उजवा. यामाहाचा एमजी१०एक्सयू उत्तम मिक्सर आहे, छोट्या कार्यक्रमाला डोळे झाकून न्यावा, पण यूएसबीवर तो दोनच ट्रॅक देतो. गळा, पेटी, तबला तिथेच मिसळून जातात. रात्री ऐकताना पेटी मोठी वाटली तर हातात करण्यासारखं काही उरत नाही. प्रत्येक चॅनल वेगळा पाठवणारे मिक्सरही मिळतात, पण ते तपशिलात स्पष्ट लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसेल तर दोनच आहेत असं धरून चाला.

'आत्ता दोनचा घेते, पुढे गरज लागली तर दुसरा दोनचा जोडीन' हा विचारही मनात येतो. विंडोजवर रेकॉर्डिंगची सॉफ्टवेअरं एएसआयओ ड्रायव्हरवर (सॉफ्टवेअर आणि यंत्र यांना जोडणारा प्रोग्राम) चालतात आणि त्यात एका वेळी एकच यंत्र निवडता येतं. दोन यंत्रं जोडायच्या आडवाटा आहेत, पण दोघांची घड्याळं वेगळी चालतात आणि लांबलचक बडा ख्याल संपेपर्यंत ट्रॅक एकमेकांपासून सरकलेले असतात. मॅकवर हे थोडं सोपं आहे. तुमच्याकडे मॅक नाही.

गेनकडे वळतो. माईकमधून येणारा विद्युतसंकेत अगदी क्षीण असतो, तो वाढवायचं काम प्रीअँपचं. तुमच्या एसएम५८ ची संवेदनक्षमता उणे ५४.५ डीबीव्ही आहे, म्हणजे कंडेन्सरच्या तुलनेत बराच मुका माईक. तोंडाजवळ धरून गायलात तर त्याला अडचण नाही, तो त्यासाठीच बनला आहे. पण तोच माईक एक फूट लांब ठेवून मंद्रातली आलापी घ्यायला गेलात तर गेन शेवटपर्यंत फिरवावा लागेल आणि पाठीमागे सूऽऽ असा आवाज येईल. पॉडकास्टवाल्यांमुळे गाजलेला एसएम७बी तर याहून मुका, उणे ५९. त्याला साठेक डेसिबल गेन लागतो. स्कार्लेट २आय२ च्या तिसऱ्या पिढीत ५६ डेसिबल मिळायचे, २०२३ मध्ये आलेल्या चौथ्या पिढीत ६९ मिळतात. ईव्हो ८ मध्ये ५८ आहेत, एसएसएल १२ मध्ये ६२. एसएम७बी घ्यायचा विचार डोक्यात असेल तर आत्ताच काढून टाका. शास्त्रीय गळ्यासाठी तो मला कधी पटला नाही. तारसप्तकातली हवा त्यात बंद पडल्यासारखी वाटते.

कंडेन्सरला ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे माईकच्या केबलमधूनच जाणारी वीज, लागते. ती यादीतल्या सगळ्या इंटरफेसमध्ये आहे. काही मॉडेलांत सगळ्या इनपुटना मिळून एकच बटण असतं. घाबरू नका, एसएम५८ ला चांगल्या कॅनन केबलवरून ४८ व्होल्ट गेल्याने काही होत नाही. मात्र माईक जोडताना-काढताना फँटम बंद ठेवा आणि गेन खाली घ्या, नाहीतर हेडफोनमध्ये असा दणका बसतो की अर्धा तास कान सुन्न.

लेव्हल लावण्याबद्दल एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण गायक मंडळी हमखास इथे गडबडतात. नवीन इंटरफेसमध्ये गेन आपोआप लावून देणारी सोय येते. ऑडियंटमध्ये तिला स्मार्टगेन म्हणतात, स्कार्लेट २आय२ च्या चौथ्या पिढीत ऑटो गेन. बटण दाबायचं, थोडा वेळ गायचं, तो स्वतः आकडा ठरवतो. सोय चांगली आहे, पण त्या वेळात बहुतेक जण 'सा' लावून शांतपणे आलाप करतात. यंत्र त्या मानाने गेन लावतं आणि वीस मिनिटांनी तारषड्जावरून सपाट तान सुटली की लाल दिवा लागतो, म्हणजे आवाज फाटतो. लाल दिवा लागलेली तान नंतर कोणी दुरुस्त करू शकत नाही. म्हणून लेव्हल लावताना तुमची सगळ्यात चढी जागा गा. नुसतं गुणगुणू नका, मैफलीत गाल तशी पूर्ण आवाजात गा. तबलजींनाही ठेका धरायला न सांगता तिहाईसकट एखादा जोरकस तुकडा वाजवायला सांगा. त्या वेळी मीटरचा काटा उणे १२ ते उणे १० डेसिबलपर्यंत गेला की झालं (शून्य म्हणजे लाल दिवा). आलापी उणे ३० वर दिसेल, दिसू द्या. २४ बिटमध्ये रेकॉर्ड करताना खालची जागा मुबलक असते: कागदावर १४४ डेसिबल, प्रत्यक्षात चांगल्या इंटरफेसमध्ये ११० ते १२०. टेपच्या जमान्यात लेव्हल वर ठेवण्यात शहाणपण होतं, कारण खाली टेपची खरखर होती. आता तुमच्या खोलीतला पंखा त्याच्या कितीतरी वर बसलेला असतो.

तिसरा मुद्दा कानात येणाऱ्या आवाजाचा. माईकमधून आवाज संगणकात जातो, सॉफ्टवेअरमधून फिरतो आणि हेडफोनमध्ये परत येतो, त्याला वेळ लागतो. ४८ किलोहर्ट्झवर बफर (संगणक एका वेळी जितके नमुने हाताळतो तो आकडा) २५६ ठेवला तर जाताना ५.३ मिलिसेकंद आणि येताना तेवढेच, वर ड्रायव्हरचे आणि कन्व्हर्टरचे थोडे. दहा-पंधरा मिलिसेकंद म्हणजे फार नाही असं वाटेल. हवेतून आवाज एका मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे साडेतीन ते पाच मीटरवर बसलेल्या माणसाचा आवाज इतक्याच उशिरा येतो. वादकाला एवढं चालून जातं. गायकाला चालत नाही, कारण त्याचा स्वतःचा आवाज हाडांतून आधीच कानात पोचलेला असतो आणि वर हा मागाहून आलेला. दोन्ही एकमेकांत मिसळून आवाज पोकळ होतो, सूर लागतोय की नाही याचा अंदाज जातो. गायिका हेडफोनचा एक कप कानावरून सरकवून गायला लागली की मी आधी बफर बघतो.

यावर उपाय म्हणजे डायरेक्ट मॉनिटर. त्यात माईकचा आवाज संगणकात न जाता इंटरफेसमधूनच हेडफोनला मिळतो, उशीर जवळजवळ शून्य. ही सोय नसलेला इंटरफेस घेऊ नका. दोन इनपुटच्या इंटरफेसवर तिथे मोनो आणि स्टिरिओ असा पर्याय असतो. स्टिरिओवर ठेवलं की पहिला माईक फक्त डाव्या कानात आणि दुसरा फक्त उजव्या कानात येतो, आणि 'इंटरफेस बिघडला, एकाच कानात येतंय' म्हणून फोन येतात. एका माईकवर गाताना मोनो ठेवा. चार इनपुटच्या यंत्रांत हे काम बहुधा संगणकावरच्या छोट्या मिक्सर सॉफ्टवेअरमधून होतं.

खरं तर बैठकीच्या रेकॉर्डिंगला हेडफोन लागतोच असं नाही. तबलजी समोर बसलेत, पेटी हाताखाली आहे, सगळं कानांना थेट ऐकू येतंय. हेडफोन लागतो तो तानपुऱ्यासाठी. मिरजेचा खरा तानपुरा जुळवून वाजवायला कोणी बसणार असेल तर सोन्याहून पिवळं, मग चौथा माईक त्याला. फोनमधला किंवा इलेक्ट्रॉनिक तानपुरा असेल तर तो खोलीत मोठ्याने लावू नका. प्रत्येक माईकमध्ये तो थोडा थोडा शिरतो आणि नंतर कमी करता येत नाही. तो तारेने लाइन इनपुटला द्या किंवा आधीच संगणकात वेगळ्या ट्रॅकवर घेऊन ठेवा आणि तुम्ही दोघं हेडफोनवर ऐका. पेटीचे सूर पक्के असतात, तेव्हा तानपुरा पेटीशी जुळवून घ्या, फोनवरच्या आकड्याशी नको. दोन हेडफोन लागणार असतील तर ईव्हो ८, एम६ आणि एसएसएल १२ ला दोन स्वतंत्र आउटपुट आहेत. यूएमसी४०४एचडीला एक, त्याला छोटा हेडफोन अँप्लिफायर जोडावा लागेल.

भाच्याच्या १९२ किलोहर्ट्झबद्दल फार लिहीत नाही. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवा. माणसाच्या कानाला ऐकू येणारं सगळं त्यात मावतं, व्हिडिओलाही तेच चालतं. एका ट्रॅकची एका मिनिटाची फाइल साडेआठ एमबीच्या आसपास होते. १९२ वर ती चौपट होईल आणि चार ट्रॅकचा तासाभराचा राग लॅपटॉपला रडवेल. टाइप-सीचंही तसंच. ते फक्त भोकाच्या आकाराचं नाव आहे. चार माईकांचा डेटा जुन्या यूएसबी २ वर आरामात मावतो, त्याने उशीरही वाढत नाही. जुना फायरवायरचा इंटरफेस कोणी फुकट देत असेल तरी मात्र घेऊ नका. नव्या लॅपटॉपना ते भोकच नसतं.

आता खोली. इंटरफेसच्या प्रश्नाच्या उत्तरात खोली कशाला असं वाटेल, पण तुमच्या रेकॉर्डिंगचा दर्जा तीच ठरवणार आहे. रोडच्या एनटी१ सारख्या कंडेन्सरचा स्वतःचा आवाज ४ डेसिबल असतो. शहरातली फ्लॅटची खोली रात्री दार-खिडक्या बंद करूनही तीस डेसिबलच्या खाली सहसा जात नाही, पंखा लावला की त्याच्याही वर. प्रीअँपचा स्वतःचा आवाज उणे १२७ डेसिबल की उणे १२९ याची चर्चा त्यामुळे तुमच्यापुरती निरर्थक ठरते. पंखा बंद, फ्रीज शेजारच्या खोलीत असेल तर तोही तेवढा वेळ बंद. आणि फ्रीजच्या स्विचवर गाडीची किल्ली अडकवून ठेवा, म्हणजे जाताना तो परत चालू करायचा राहणार नाही.

तुमच्या खोलीच्या मापांत आणखी एक भानगड आहे. दहा फुटांच्या समोरासमोरच्या भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या आसपासचा सूर घुमतो, बारा फुटांत ४७ च्या आसपास. बायाँचा घुमारा याच्याच शेजारी असतो. त्यामुळे तबलजी खोलीच्या कोपऱ्यात बसले की बायाँ ढोलासारखा वाजतो आणि दायाँ त्याच्याखाली दबतो. त्यांना कोपऱ्यातून बाहेर काढा, पण अगदी मध्यावरही नको, एका भिंतीपासून साधारण एक तृतीयांश अंतरावर बसवा. भिंतीवर चिकटवायचे ते अंड्यांच्या ट्रेसारखे दिसणारे एक इंची फोम घेऊ नका. ते फक्त वरचे सूर खातात आणि खालचा घुमारा तसाच ठेवतात, खोली आणखी बोदली वाटते. घरातल्या जाड गोधड्या, गाद्या आणि उघडं ठेवलेलं कपड्यांचं कपाट त्यापेक्षा बरं काम करतात. पुढे पैसे आले तर ५० मिलिमीटर जाडीचे रॉकवूलचे पॅनल करून घ्या, भिंतीपासून थोडे सुटे टांगा.

बसायची पद्धतही सांगतो. मैफलीतल्यासारखं शेजारी शेजारी बसू नका, समोरासमोर बसा, मध्ये चार-पाच फूट. तुमच्यापुढचा माईक कार्डिऑइड असेल, म्हणजे तो पाठीमागचं फार कमी ऐकतो. त्याची पाठ तबल्याकडे येते, तबल्याच्या माईकची पाठ तुमच्याकडे. कंडेन्सर तुमच्या गळ्यासाठी, तोंडापासून वीतभर किंवा थोडं जास्त लांब आणि ओठांच्या रेषेपेक्षा जरासा वर, म्हणजे प-फ-भ चे फुत्कार खालून निघून जातात. एसएम५८ तबल्यावर, दायाँ आणि बायाँच्या मध्ये, फूटभर उंचीवर, किंचित दायाँकडे झुकलेला. तो तबल्याला वाईट नाही. कंडेन्सरइतकी शाईची चमक येत नाही, पण जोरकस थापेला तो दबतही नाही. पेटीला तिसरा माईक मागून आणा, भाड्याने किंवा तबलजींचा. पेटीच्या भात्याची खसखस टाळायला तो समोरच्या बाजूला, स्वरपट्टीपासून दीड फुटावर, भात्याच्या हातापासून लांबच्या टोकाला ठेवा.

वीज हा आपल्याकडचा खास विषय. हेडफोनमध्ये घूं असा सलग आवाज येत असेल तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. आवाज गेला तर इंटरफेसचा दोष नाही. दोन पिनांचे चार्जर, अर्थिंग नसलेले जुन्या इमारतींतले सॉकेट, इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरवर मध्यम वेगात फिरणारा पंखा, चौकोनी लहरीचा जुना इन्व्हर्टर, यांतलं काहीतरी असतं. लॅपटॉप, इंटरफेस आणि स्पीकर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावा, स्पीकरला बॅलन्स्ड (बाहेरची घूं रोखणारी) केबल वापरा. घूं घालवण्यासाठी प्लगची अर्थची पिन कापणारे महाभाग मी पाहिलेत. धातूच्या माईकला ओठ लावून गाणाऱ्या माणसाने तसलं काही करू नये. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या, खर्च मोठा नसतो. यूएसबीवरच चालणारा इंटरफेस असेल तर तो हबमधून न लावता थेट लॅपटॉपला लावा. दोन-तीन कंडेन्सरना ४८ व्होल्ट देताना हबची वीज कमी पडते आणि मध्येच टकटक आवाज येतात.

ऑनलाइन शिकवणीसाठी लूपबॅक नावाची सोय बघा. त्यामुळे संगणकातला तानपुरा आणि तुमचा माईक मिळून समोरच्या मुलाला ऐकू जातात. ईव्हो ८ आणि एम६ मध्ये ती आहे, काही स्वस्त मॉडेलांत नसते. नसली तरी अडत नाही, इलेक्ट्रॉनिक तानपुरा दुसऱ्या इनपुटला लावला की काम भागतं. शिकवणीचा माईक पहिल्याच इनपुटला लावा, कारण बऱ्याच ड्रायव्हरांत झूमला इंटरफेसची पहिली जोडीच दिसते. आणि झूममध्ये 'ओरिजिनल साऊंड फॉर म्युझिशियन्स' चालू करायला विसरू नका. ते बंद असलं की झूम तानपुऱ्याला पंख्याचा आवाज समजून पुसून टाकतं आणि न्यू जर्सीतली मुलगी बिचारी सुराशिवाय पलटे म्हणत बसते.

मग नेमका कुठला? तुमच्या तीस हजारांत मी यूएमसी४०४एचडी घेईन. देखणा नाही, लूपबॅकची चैन नाही, पण चार खरे माईक प्रीअँप आहेत आणि उरलेल्या पैशांत ऑडिओ-टेक्निकाच्या एटी२०२० सारखा कंडेन्सर, स्टँड आणि एटीएच-एम२०एक्स सारखा हेडफोन ओढूनताणून बसवता येतो. दर दुकानागणिक हलतात, तेव्हा दोन-तीन ठिकाणी विचारा. बजेट आणखी आठ-दहा हजार वाढवता आलं तर ईव्हो ८, मुख्यतः दोन हेडफोन आणि लूपबॅकसाठी. आवाजासाठी म्हणून हे जास्तीचे पैसे घालू नका, त्यापेक्षा माईकवर घाला. इंटरफेसवर एकूण पैशांच्या निम्म्याहून जास्त जात असतील तर काहीतरी चुकतंय. आरएमईच्या बेबीफेसचं कौतुक तुम्ही कुठेतरी वाचाल. ते खरं आहे, ड्रायव्हर वर्षानुवर्षं टिकतात, पण माईक प्रीअँप दोनच आणि किंमत तुमच्या अख्ख्या बजेटच्या वर.

बैठका घरापेक्षा गुरुपौर्णिमेला, देवळात, कोणाच्या तरी हॉलमध्ये जास्त होणार असतील तर झूम कंपनीच्या (मीटिंगवालं झूम नव्हे) एच६ रेकॉर्डरचाही विचार करा. त्याला चार माईक लागतात, लॅपटॉपशिवाय कार्डावर रेकॉर्ड करतो आणि घरी यूएसबीने जोडला की इंटरफेस म्हणून चालतो. लॅपटॉपच्या पंख्याच्या आवाजातून सुटका होते हा त्यातला मोठा फायदा.

आणि तबलजी खरोखर वर्षातून एखाददुसऱ्या वेळीच येणार असतील, एरवी तुम्ही आणि पेटी एवढंच असेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि स्कार्लेट २आय२ ची चौथी पिढी घ्या. तबल्याच्या त्या दिवशी चार इनपुटचा इंटरफेस किंवा रेकॉर्डर भाड्याने आणता येतो. हा निर्णय तुमच्या वहीत आहे. मागच्या काही महिन्यांत तबलजी किती वेळा आले ते बघा.

सॉफ्टवेअरला पैसे मोजू नका. इंटरफेसबरोबर काही ना काही येतं, नाहीतर रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं. ड्रायव्हर मात्र कंपनीच्या संकेतस्थळावरूनच उतरवा, खोक्यातले किंवा भलत्या ठिकाणचे नकोत.

घेताना जीएसटीचं पक्कं बिल आणि भारतातल्या अधिकृत वितरकाची वॉरंटी मागा. बाहेरून आणलेला माल दोन-तीन हजारांनी स्वस्त मिळतो, पण बिघडला की भारतातलं सर्व्हिस सेंटर हात वर करतं. खोकं घरी आलं की परत द्यायची मुदत संपायच्या आत एवढं करून बघा: चारही इनपुटना आळीपाळीने तोच माईक लावा, प्रत्येक गेनचं बटण शेवटपर्यंत फिरवा आणि मध्ये कुठे खरखर होते का ऐका. फँटम प्रत्येकावर चालतं का बघा. हेडफोनचा जॅक हलकेच हलवून आवाज तुटतो का बघा. मग चारही ट्रॅक चालू ठेवून, बफर १२८ वर, अर्धा तास सलग रेकॉर्ड करा आणि तोवर लॅपटॉपवर दुसरं काहीही उघडू नका. नंतर तो अर्धा तास हेडफोनवर ऐका. टकटक आली तर वायफाय बंद करून तेवढाच वेळ पुन्हा करा. तरी आली तर बफर २५६ करा. तिथेही थांबली नाही तर यूएसबीचं दुसरं भोक आणि दुसरी केबल वापरून बघा, आणि त्यानंतरही येत असेल तर परत करा.